घोडा का अडला

लहानपणी आजी कोडं घालायची. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. मला त्यातला घोडाच तेवढा कळायचा, कारण आमच्या वाड्यात पागा होती. घोडे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेले होते, पण भिंतीतल्या लोखंडी कड्या शाबूत होत्या आणि दगडी फरशीच्या मधोमध पाणी वाहून जायला पन्हळ होती. आजही आहे. ग्वाल्हेरच्या या भागाला लष्कर म्हणतात ते उगाच नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला आणि तळाचंच गाव झालं. इथल्या जुन्या मराठी वस्त्यांना गोठ म्हणतात, आमची गोठ त्यातलीच एक.

आता त्या पागेत दोन जनावरं बांधलेली असतात. एक वडिलांची १९८४ ची बुलेट, उजव्या पायाच्या गिअरची. दुसरी आमची पेट्रोलची छोटी गाडी, २०१९ च्या मेळ्यात घेतलेली. ग्वाल्हेरबाहेरच्यांना मेळ्यात गाडी घेणं म्हणजे काय ते सांगावं लागतं. १९०५ पासून इथे हिवाळ्यात व्यापार मेळा भरतो. पूर्वी गुरंढोरं विकली जात, आता गाड्या विकल्या जातात, आणि ज्या वर्षी सरकार रोड टॅक्समध्ये निम्मी सूट देतं त्या वर्षी शोरूमवाल्यांच्या मंडपात पाय ठेवायला जागा नसते. २०१९ ला ती सूट होती. मी तेव्हा एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कार्यालयात होतो, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. निम्मा टॅक्स वाचतो म्हटल्यावर ऑडिटवाला माणूस घरी बसेल का? जानेवारीच्या कडाक्यात, मफलर गुंडाळून, एमपी ०७ ची पाटी लावून गाडी वाड्यात आणली. वहिनींनी दारातच ओवाळली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. गाडी दोन महिने जागची हलली नाही आणि मे महिन्याच्या शेवटी किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू. त्या एका झटक्याने माझं फार नुकसान केलं. मला वाटलं, उभ्या गाडीला काही होत नाही, लोक उगाच घाबरवतात. बॅटरी जेमतेम सव्वा वर्षाची होती म्हणून निभावलं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघं मुलीकडे टोरांटोला गेलो, सहा महिन्यांसाठी. नात व्हायची होती. निघायच्या आदल्या रात्री बॅगांचं वजन करता करता मला गाडीची आठवण झाली. पुतण्याला हाक मारली, किल्ली दिली आणि सांगितलं, "दर रविवारी पाच मिनिटं सुरू करायची. बस्स. बाहेर काढायची नाही." तो तेव्हा सतरा वर्षांचा, बारावीला. लायसन नव्हतं, त्यामुळे 'बाहेर काढायची नाही' हे मी तीनदा सांगितलं. गाडीवर पावसाळी प्लास्टिकचं आच्छादन घातलं, चारी बाजूंनी दोरी बांधली, हँडब्रेक खचकन वर ओढला आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

पोरगा शब्दाला जागला. दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा, आमची शनिवारची रात्र असायची. बॉनेटजवळ फोन धरून इंजिनाचा आवाज ऐकवायचा. मागे गाणी लागलेली असायची. मी म्हणायचो, "छान, आता बंद कर." जानेवारीत कॉल थांबले. धुकं आहे, परीक्षा आहे, असं वहिनी म्हणाल्या. खरं काय ते मे महिन्यात कळलं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी गाडीने नुसतं 'टक' केलं होतं. "काका टेन्शन घेतील" म्हणून त्याने सांगितलं नाही.

परत आलो तेव्हा ग्वाल्हेर चव्वेचाळीस अंशांवर भाजत होतं. आच्छादन काढलं तर आतून भपकारा आला, बंद ट्रंकेतल्या ओल्या सतरंजीसारखा. हिवाळाभर धुक्याची ओल प्लास्टिकखाली कोंडली होती. सीटबेल्टवर आणि स्टेअरिंगच्या शिवणीत पांढरी बुरशी. किल्लीचं बटण दाबलं, काहीच नाही. दार किल्लीने उघडलं, आतला दिवासुद्धा लागला नाही. ढकलून बाहेर काढू म्हटलं तर मागची चाकं हलेनात. हँडब्रेक खाली केला तरी मागच्या ड्रममध्ये ब्रेकचे शू चिकटून बसले होते. चार जणांनी लावलेल्या जोराला गाडी फक्त डुलायची. घोडा अडला होता.

कंपू नावाच्या मोहल्ल्यातले एक उस्ताद मेकॅनिक आहेत, वडिलांच्या वेळेपासून बुलेट त्यांच्याकडेच जाते. ते आले, बॉनेट उघडलं आणि काही न बोलता एअर फिल्टरच्या डब्याचे खटके काढले. आत उंदरांचा संसार. बॉनेटच्या आतल्या बाजूला आवाज दाबायला लावलेला कापसासारखा थर असतो, तो कुरतडून मऊ गादी केली होती. उशाला आमच्याच घरातल्या शेंगांची टरफलं. इंजेक्टरकडे जाणाऱ्या दोन वायरी उघड्या पडल्या होत्या, तिसरी तुटलेली. "बाबूजी, किराया लिया कि नहीं?" उस्ताद म्हणाले.

मग त्यांनी इंजिन ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. आत पिवळसर पांढरा लगदा. "ये देखिए मलाई."

ही मलाई कुठून आली, हा प्रश्न मला त्या दिवशी सगळ्यात जास्त लागला. तेलात पाणी, म्हणजे इंजिनातलं तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेलं की काय? उस्ताद हसले. त्यांनी गुडघ्यावर बसून सायलेन्सरच्या पोटाला हाताने थाप मारली, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला. पेट्रोल जळतं तेव्हा धुराबरोबर पाणीही तयार होतं, वाफेच्या रूपात. लिटरभर पेट्रोलमागे साधारण लिटरभर पाणी. लांब पल्ल्यावर गेलो की इंजिन आणि सायलेन्सर एवढे तापतात की ती वाफ उडून जाते. पाच मिनिटं जागेवर घुरघुरवलेली गाडी कोमटच राहते. वाफ सायलेन्सरमध्ये थिजते, थोडी पिस्टनच्या कडेने तेलात उतरते आणि तेलाबरोबर घुसळून तिची मलाई होते. हिवाळ्यातल्या नऊ-दहा रविवारी माझ्या हुकमावरून पुतण्याने गाडीला पाणी पाजलं होतं.

पुतण्याचा चेहरा उतरला. मी त्याला म्हटलं, चूक माझी आहे, सांगितलं मीच. पण मनात अजून एक शंका होती. दर आठवड्याला सुरू होत होती, तर बॅटरी तरी चार्ज व्हायला हवी होती ना?

हिशेब हा माझा प्रांत. वायरी जोडून, नवी बॅटरी बसवून झाल्यावर उस्तादांनी मल्टिमीटर लावून दाखवलं. गाडी बंद करून, कुलूप लावून अर्धा तास थांबायचं, कारण आतले संगणक लगेच झोपत नाहीत. मग बॅटरीची काळी वायर काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर जोडायचं. आकडा आला ३० मिलिअँपिअर. घड्याळ, सेंट्रल लॉक, चोरघंटी, रेडिओची आठवण, सगळे मिळून एवढं खातात. कागद घेतला. चोवीस तासांत पाऊण अँपिअर-अवरला जरा कमी, आठवड्याला पाच. आमच्या बॅटरीची एकूण पुंजी पस्तीस. आता जमेची बाजू: जागेवर चालणाऱ्या इंजिनातून बॅटरीकडे दहा-बारा अँपिअर जातात असं धरलं, तर पाच मिनिटांत जमा होतो फार तर एक अँपिअर-अवर. त्यात गाणी लावली की तेवढंही नाही. म्हणजे दर आठवड्याला खर्च पाच, जमा एक, तूट चार. नऊ आठवड्यांत खातं रिकामं. नोव्हेंबरच्या सहा तारखेपासून मोजा, जानेवारीचा दुसरा रविवार येतो.

मुद्दाम उलटाही हिशेब केला. काहीच केलं नसतं, गाडीला हातही लावला नसता, तर सात आठवडे. म्हणजे पोराच्या दर रविवारच्या खटाटोपाने दोन आठवडे जास्त मिळाले आणि बदल्यात सायलेन्सरभर पाणी. काळी वायर काढून ठेवली असती, एका पान्याचं काम, तर तो पाचाचा खर्चच शून्यावर आला असता. मी तेहेतीस वर्षं लोकांच्या वह्यांत अशा गळत्या शोधल्या.

आणि रिकाम्या बॅटरीला नुसतं पुन्हा भरून चालत नाही. रिकामी पडून राहिली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, ते घट्ट झाले की चार्जर लावूनही विरघळत नाहीत. आमची जानेवारीपासून मेपर्यंत तशीच पडली होती. चार वर्षांची होती, तिचे दिवस भरतच आले होते हे मान्य, पण वर्षभर तरी अजून रेटली असती.

बॅटरी ४,६०० रुपये, वायरिंग २,२००, एअर फिल्टर, मागचे ड्रम उघडून साफ करणं, दोनदा ऑइल बदलणं धरून दहा हजारांच्या पुढे गेलं. पण खरा फटका वेगळाच. गाडी जानेवारीतली, म्हणून विमाही जानेवारीत संपायचा, आणि मी टोरांटोत नातीचे लंगोट बदलत होतो. चार वर्षांत एकही क्लेम नव्हता, त्यामुळे नूतनीकरणाला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ४५ टक्के सूट मिळायची होती. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की ती साठवलेली सूट जाते. मे उजाडला होता. शिवाय विमा तुटलेला असल्यामुळे कंपनीच्या माणसाने आधी गाडीची पाहणी केली, फोटो काढले, मग नवी पॉलिसी. सूट शून्यापासून सुरू. घरात 'ऑडिट' हा शब्द त्यानंतर बरेच दिवस कुणी उच्चारला नाही, फक्त आमची ही अधूनमधून वाटाणे सोलता सोलता "अहो, पंचेचाळीस टक्के" एवढंच म्हणायची.

बुलेटचं थोडक्यात सांगतो. पेट्रोलचा कॉक मी उघडाच ठेवून गेलो होतो. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल सुकून त्याचा गोंद झाला, जेट बंद. उघडून साफ करण्यावर भागलं. जुनी माणसं सहनशील असतात.

दुसरी खेप ठरली ऑक्टोबर २०२४ ची. या वेळी मी महिनाभर आधीपासून वही घातली. पुतण्या आता एकोणीस वर्षांचा, पॉलिटेक्निकला मेकॅनिकल डिप्लोमा करत होता, आणि गाडीबद्दल त्याचं माझ्यापेक्षा जास्त वाचन झालं होतं. पहिल्या खेपेचं त्याच्या मनाला लागलं होतं, हे मला दिसत होतं.

कागदांपासून सुरुवात. गाडीचा विमा आता मे ते मे झाला होता, म्हणजे आमच्या परतीनंतर. पीयूसी सप्टेंबरमध्ये करून घेतलं, वर्षभर चालतं. बुलेटचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, त्याची पाळी नेमकी २०२४ ला होती. ते जुलैतच उरकलं. फी पूर्वी तीनशे होती, एप्रिल २०२२ पासून हजार झाली होती. माझ्या मागे चाळीस वर्षांची बुलेट घेऊन आलेले एक सरदारजी रांगेत होते, आमच्या दीड तासाच्या गप्पा झाल्या, तो भाग इथे नको.

इंजिन ऑइल निघायच्या आठवड्यात बदललं. उस्ताद म्हणाले, परत आल्यावर बदला असं सगळे म्हणतात, पण वापरलेल्या तेलात जळकी आम्लं असतात, ती सहा महिने इंजिनाच्या आत का बसवून ठेवायची? पटलं. मग गाडी झाशी रस्त्याला टेकनपूरपर्यंत नेऊन आणली, चांगली तापवून, सायलेन्सर कोरडा ठणठणीत करून. परतताना ज्या पंपावर गर्दी असते तिथे टाकी गळ्यापर्यंत भरली. टाकीत हवा कमी म्हणजे तिच्यातली ओलही कमी. पूर्वी ह्याचं एवढं नव्हतं, पण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळं बसतं, पेट्रोल वर राहतं, आणि इंजिन नेमकं तळातलं ओढतं. २०१९ ची गाडी काही ई-२० साठी, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी घडवलेली नाही, म्हणून ही काळजी जास्त. बुलेटची टाकी पत्र्याची, तिला गंजाची भीती. तिच्या बाबतीत उस्तादांनी उलटा सल्ला दिला: टाकी पूर्ण रिकामी करा, पावशेर इंजिन ऑइल आत घाला, टाकी हातात धरून सगळीकडे फिरवा, उरलेलं ओतून घ्या. पुतण्या आणि मी अंगणात ती टाकी घुसळत बसलो होतो, पत्र्यात ताक करावं तशी. कार्बोरेटरची वाटी उघडून कोरडी केली. कॉक बंद.

उंदरांवर वाड्यात मतभेद झाले. वहिनींचं म्हणणं कडुलिंबाचा पाला, दादांचं म्हणणं तंबाखूची पानं, माझं म्हणणं डांबराच्या गोळ्या. शेवटी गोळ्यांच्या पुरचुंड्या करून बॉनेटखाली बांधल्या, आणि पाला वहिनींच्या समाधानासाठी चाकांपाशी. गोळ्या गाडीच्या आत ठेवायच्या नाहीत, हे मला एका ओळखीच्यांनी अनुभवावरून सांगितलं. त्यांची गाडी वर्ष झालं तरी संदुकीसारखी वासते. माझ्या मते खरा उपाय दोनच झाले. एक, गाडीत आणि पागेत खाण्याचा कण ठेवला नाही, शेंगांचं पोतं माडीवर नेलं. दोन, बॉनेट वीतभर उघडं ठेवलं. उंदराला अंधार आणि ऊब लागते, उजेडात तो घर करत नाही. वर एक दिवा रात्री चालू ठेवायला सांगितला. सायलेन्सरच्या तोंडात बारीक जाळी आणि फडक्याचा बोळा, त्याला लाल रिबीन, आणि स्टेअरिंगला पुठ्ठा बांधला: 'सायलेन्सरमध्ये बोळा आहे. बॅटरी काढली आहे. विटा आहेत. चहा घेऊन मग ये.' शेवटचं वाक्य पुतण्याचं.

टायरांत नेहमी ३३ असते, ती ४० केली. टायर एकाच जागी दबून चपटा धरतो, हवा जास्त असली की कमी धरतो. चाकांखाली स्टँड लावून गाडी उचलून ठेवावी असंही वाचलं होतं, पण पागेच्या उतरत्या फरशीवर तो धोका नको वाटला. हँडब्रेक सोडलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या-मागच्या चाकांना विटा. प्लास्टिकचं आच्छादन कबाडीला दिलं. त्याऐवजी दोन जुन्या सुती चादरी जोडून शिवल्या. घालण्याआधी गाडी धुऊन, दारं उघडी टाकून दिवसभर उन्हात वाळवली. ग्वाल्हेरची धूळ अंगावर असताना कापड घातलं तर वाऱ्याने हलून तेच कापड पॉलिश पेपरसारखं चालतं. वायपरच्या पात्यांखाली थर्मोकोलचे तुकडे घातले.

राहिली बॅटरी. पूर्ण चार्ज करून, दहा नंबरच्या पान्याने आधी काळी वायर काढली. नेहमी काळी आधी. लाल आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी. बुलेटची बॅटरी काढून घरातच आणली. बॅटरी काढली की डिकी बटणाने उघडत नाही, त्यामुळे आत काही विसरलं नाही ना ते आधी बघायचं. मी छत्री विसरलो.

आता प्रश्न होता पुतण्याचा. त्याला काहीच करू नको म्हणावं तर तो हिरमुसला असता, आणि 'सुरू कर' तर मी जन्मात म्हणणार नव्हतो. त्याने स्वतःच तोडगा काढला. तीनशे रुपयांचं मल्टिमीटर आणलं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मीटर लावून आकड्याचा फोटो पाठवायचा, विटा काढून गाडी हाताने अर्धं चाक पुढे ढकलायची, पुढच्या महिन्यात मागे. ढकलताना क्लच दाबून गिअर काढायचा म्हणजे तोही मोकळा राहतो. किल्ली वहिनींकडे, बंद पाकिटात. पाकिटावर मी सही केली. हसा खुशाल.

वहीतली नोंद अशी आहे. निघताना १२.६८ व्होल्ट. नोव्हेंबर १२.६३. डिसेंबर १२.६०. जानेवारी १२.५७. फेब्रुवारी १२.५४. मार्च १२.४९. बॅटरी पूर्ण भरलेली म्हणजे साडेबाराच्या वर, निम्मी म्हणजे १२.२ च्या आसपास, बाराच्या खाली गेली की धोका. वायर काढली तरी बॅटरी स्वतःच्या स्वतः झिजते, पण थंडीत सावकाश. हेच एप्रिल ते सप्टेंबर ठेवली असती तर हे आकडे आले नसते. दर दहा अंश गरमीला ही झीज दुप्पट होते असं धरतात, आणि आमच्याकडच्या जूनमध्ये पागेतसुद्धा चाळीस असतं. उन्हाळ्याची खेप असेल तर मधे एकदा चार्जरला लावायलाच हवी.

मार्चच्या अखेरीस परत आलो. पुठ्ठ्यावर लिहिल्याप्रमाणे आधी चहा घेतला. बोळा काढला, रिबीन पुतण्याने खिशात घातली. डिपस्टिक पाहिली, कूलंट पाहिलं, टायरांत ३५ उरली होती. एअर फिल्टरचा डबा उघडला तेव्हा वहिनी, दादा, आमची ही, सगळे वाकून बघत होते. रिकामा. पाला की गोळ्या की दिवा, यावर अजून वाद चालू आहे.

बॅटरीला लाल आधी, काळी नंतर. सहा महिन्यांत तेल सगळं खाली बसलेलं असतं, इंजिनाच्या वरच्या भागात कोरड, म्हणून लगेच सुरू करायची नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला तर बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल तोडतात, स्टार्टर नुसता इंजिन फिरवतो. चार-पाच सेकंद असं दोनदा केलं, तेल वर चढलं. मग पाय काढून किल्ली. दीड सेकंद कुरकुरली आणि लागली. पुतण्याने मीटर लावलंच होतं: १४.२.

बुलेट मात्र तिच्या चालीने आली. या जुन्या इंजिनात तेल वेगळ्या कप्प्यात असतं, पंप ते फिरवतो. खूप दिवस उभी राहिली की ते पंपाच्या फटीतून झिरपून खाली क्रँककेसमध्ये भरतं. तसंच किक मारलं तर सगळी गोठ धुराने भरते. उस्तादांनी आधी खालचा बोल्ट काढून ते तेल वाटीत घेतलं, गाळून परत वर ओतलं. टाकी पेट्रोलने विसळली. क्लचच्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, लिव्हर दाबून, किक आठ-दहा वेळा मारून त्या सोडवल्या. डिकंप्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी कळ, ओढला, अँमीटरचा काटा मधोमध आला, सोडला, किक. नाही. पुन्हा. नाही. अकराव्या किकला फट्कन उलटी मारली आणि उस्तादांनी पायाची पोटरी धरली. मग लक्षात आलं की ब्रीदरच्या रबरी नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं टुमदार घर बांधलंय. सायलेन्सर बंद केला, पण या नळीचा विचार कुणालाच सुचला नव्हता. उलटी किक त्यामुळे नव्हे, ती ठिणगीच्या पॉइंटच्या गंजामुळे, पण नळी तशीच राहिली असती तर आतला दाब जागोजागून तेल बाहेर ढकलत राहिला असता. नळी तारेने साफ झाली, पॉइंट पॉलिश पेपरने. चौदाव्या किकला वडील पागेत आल्यासारखा आवाज झाला. दादा काही बोलले नाहीत, आत निघून गेले.

संध्याकाळी गाडी तिघऱ्याच्या धरणाकडे काढली. वीसेक किलोमीटर, रस्ता मोकळा. पहिले दोन-तीन ब्रेक खरखरले, डिस्कवर गंजाचा पातळ थर येतोच, हळूहळू दाबत गेलं की पुसला जातो. टायर पहिले पाच किलोमीटर किंचित डगडग करत होते, तापल्यावर गोल झाले. एसी लावून पाहिला. धरणावर पोचेपर्यंत गाडीला काही झालं होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं. विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे ज्या धरणांवर बसले त्यात हे एक. दर वेळी इथे आल्यावर मी ते कुणाला तरी सांगतो. पुतण्याने ऐकून घेतलं आणि येताना गाडी त्याने चालवली.

जुलैत तो चाकणला गेला, अप्रेंटिस म्हणून, गाड्यांच्याच कारखान्यात. आम्ही पुन्हा निघणार आहोत. परवा मी पागेत वही उघडून बसलो होतो, महिन्याच्या पहिल्या रविवारपुढे नाव कुणाचं लिहायचं ते सुचत नव्हतं. वहिनी तुळशीला पाणी घालून आल्या, जरा वेळ बघत राहिल्या.

"भावजी, ते लाल-काळं कुठे लावायचं ते एकदा दाखवून ठेवा मला," त्या म्हणाल्या. "फोटो काढता येतो."